जरासं पाणी

“तू काढलीस ना ती?”

“काय काढलं मी?”

“वरच्या बेसिनखालची पट्टी. मी बांधलेली. सकाळी होती, आता नाहीये.”

“मग उंदराने नेली असेल.”

“उंदीर कुरतडतो. ही कात्रीने कापलीय. नळाच्या सांध्याला अजून एक धागा लोंबतोय.”

“आई, तू रिटायर झालीयस. घरातल्या घरात पोस्टमॉर्टेम नको.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मुलगी आत ओट्याला टेकून. दोघींच्या मधोमध, डोक्यावर, छताच्या गिलाव्याचा दाराएवढा तुकडा निखळून आतलं करडं काँक्रीट उघडं पडलं होतं. कडेने तपकिरी डाग. विजेचा बोर्ड काळाठिक्कर. फ्रिज उचलून बाहेरच्या खोलीत नेला होता आणि तिथे तो न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा उभा होता. त्याच्या शेजारच्या खुर्चीत धाकटा भाऊ बसला होता, मोबाइलवर बोट खालीवर फिरवत.

“विम्याचा माणूस येईल एवढ्यात,” मुलगी म्हणाली. “या वेळी तू बोलायचं नाहीस. मी बोलणार. तुला विचारलंच तर एकच शब्द. ‘नाही.’ आधी ओल होती का? नाही. कुठे गळत होतं का? नाही. जमेल?”

“पण बेसिनखाली गळत होतं.”

“किती?”

“जरासं.”

“बघ. हाच तो शब्द. या एका शब्दापायी घर जायची वेळ आलीय आपल्यावर.”

त्या शब्दाशिवाय आईला बोलायची सवयच नव्हती.

तो तिच्या तोंडात बसला सरकारी इस्पितळात. नर्स म्हणून नोकरीला लागली तेव्हा ती काटकुळी पोरगी होती, सुई हातात घेतली की पेशंटच्या आधी स्वतः डोळे मिटायची. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पेशंटशी खोटं बोलायचं नाही, पण सगळं खरंही ओतायचं नाही त्याच्या अंगावर. म्हणायचं, जरासं टोचेल. मग तिने सगळ्यांनाच तसं सांगितलं. लहान पोरांना, म्हाताऱ्यांना, दंडावर सिंह गोंदवलेल्या आणि सुई पाहून घेरी आलेल्या पैलवानाला. जरासं टोचेल, जरासं दुखेल, जराशी कळ सोसा. तिचा हातही तसा हलका झाला, की शब्दाने हलका केला, कोण जाणे. पेशंट विचारायचे, “जरासं सिस्टर आहेत का आज?” पुढे तर डॉक्टरही त्याच नावाने हाक मारू लागले.

पण असा शब्द ड्यूटी संपली म्हणून खुंटीला टांगून येता येत नाही. तो तिच्याबरोबर घरी आला. न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडलं तर म्हणाली, जरासं मुरगळलंय, आणि त्याच हाताने कपडे पिळले. नवरा छातीच्या दुखण्याने पडला तेव्हा शेजारणीला सांगितलं, जरासं बरं नाहीये त्यांना. शेजारीण सावकाश भेटायला आली, तेव्हा भेटायला माणूस उरला नव्हता. पुढची सगळी वर्षं तिने दोन मुलं आणि हे घर एकाच पगारात वाढवलं. आधी खालच्या खोल्या, मग बऱ्याच वर्षांनी वरची खोली आणि तिथलं न्हाणीघर. स्लॅब ओतला त्या दिवशी ती गवंड्याशेजारी अशी उभी होती, जणू ऑपरेशन चाललंय आणि कात्री मागितली की द्यायचीय.

त्याच न्हाणीघराच्या भिंतीतला पाइप फुटला. खालच्या स्वयंपाकघराचं छत पाण्याने फुगलं आणि कोसळलं. त्या वेळी आई घरात एकटी होती, मुलगी शाळेत शिकवायला गेलेली. घराचा विमा मुलीनेच उतरवला होता आणि त्याचा हप्ता दर वर्षी तीच भरायची. पण तिला बातमी कळायच्या आत, विमापत्रावरचा नंबर शोधून, आईने स्वतः कंपनीला फोन केला.

“काय झालं मॅडम?”

“काही नाही हो. जरासं पाणी आलं.”

“अचानक आलं का?”

“तशी ती भिंत नेहमीच जराशी ओलसर असते.”

पुढे नुकसानीची पाहणी करणारा माणूस आला. त्यालाही तिने दारातच सांगितलं, घर जुनंच आहे, ओल काय, पाचवीला पुजलेली. तिची ती रीतच होती. कुणीही घरात पाऊल टाकलं की त्याने नाव ठेवायच्या आत आपणच ठेवायचं. पसारा आहे बघा, खुर्ची जरा डुगडुगते, पंखा आवाज करतो. पाहुणा “छे हो, छान तर आहे” म्हणतो आणि दोघांनाही बरं वाटतं. हा पाहुणा छे हो म्हणाला नाही. त्याने लिहून घेतलं.

कंपनीचं पत्र आलं. पाइप अचानक फुटून नुकसान झालं तर विमा ते भरून देतो. पाणी हळूहळू पाझरून, घरच्यांच्या डोळ्यांदेखत झालेलं नुकसान विम्यात बसत नाही. घरमालकिणीच्या सांगण्यावरून हे दुसऱ्या प्रकारचं दिसतं. जळलेला बोर्ड तेवढा मान्य. मुलीने पत्र दोनदा वाचलं आणि पुन्हा पाहणी करा म्हणून कंपनीच्या मागे लागली. आज ती पाहणी होती.

“ताई, कशाला एवढी उरस्फोड,” भाऊ बाहेरून म्हणाला. “गिऱ्हाईक चालून आलंय. आहे तसं घर घेतोय, मोडक्या छतासकट. क्लेम मिळाला नाही तर हे दुरुस्त कोण करणार? तू? मी? आई माझ्याकडे येईल. काय गं आई?”

“चालेल,” आई म्हणाली. चहात साखर कमी चालेल का, असं विचारल्यावर म्हणावं तसं.

“आणि मी?” मुलगी म्हणाली.

“तू घे ना एखादी खोली भाड्याने. शाळेजवळ. जायला-यायला सोपं.”

“अरे वा. म्हणजे माझीही सोय लावून झाली.”

“टोमणे नकोत ताई. क्लेम मिळाला तर मी एक अक्षर बोलणार नाही. नाही मिळाला तर संध्याकाळी त्याला हो कळवतो. ठरलं होतं आपलं.”

ठरलं होतं खरं. मुलीचा हात आपसूक खांद्यावरच्या पर्सवर गेला.

बेल वाजली.

पाहणी करणारा मागच्याच वेळचा होता, उंच, पोक काढून चालणारा, एका गुडघ्याने जरा लंगडा. त्याने पायपुसण्यावर बूट खसाखसा पुसले. आईने तोंड उघडलं. “या ना साहेब, बसा, खुर्ची जरा—” मुलीने तिच्याकडे पाहिलं. आईने तोंड मिटलं.

“बसत नाही,” तो म्हणाला. “आधी वर जाऊ.”

तो पुढे, मुलगी त्याच्या मागे, मग आई, आणि शेवटी, स्वतःचा काही संबंध नसल्यासारखा, भाऊ. न्हाणीघरात चौघे मावत नव्हते. भाऊ दारात थांबला. एका भिंतीची फरशी प्लंबरने फोडून ठेवली होती आणि आत तो पाइप दिसत होता, कुणी सुरी फिरवल्यासारखा लांबलचक चिरलेला. समोरच्या भिंतीला बेसिन. पाहुण्याने चिरेवर टॉर्च मारला, आत बोट फिरवलं, फोटो काढला, हूं म्हणाला. मग वळला, बेसिनसमोर दुखरा गुडघा सांभाळत खाली बसला, आणि टॉर्च आत धरून बराच वेळ तसाच राहिला.

“इथे मागच्या वेळी पट्टी होती,” तो म्हणाला.

“नाही,” मुलगी म्हणाली.

तो आईसाठी पाठ करून घेतलेला शब्द होता. तिच्याच तोंडून निसटला.

त्याने खिशातून मोबाइल काढला, फोटो शोधला आणि वर न बघताच तिच्यापुढे धरला. फोटोत सांधा होता आणि सांध्यावर नीट गुंडाळलेली क्रेप बँडेजची पट्टी.

“कुणी काढली?”

दारातला भाऊ मोबाइलकडे पाहायचा थांबला.

“मॅडम, माझी अडचण समजून घ्या,” पाहुणा म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणूनच त्याची जास्त भीती वाटत होती. “समोर दिसणाऱ्या वस्तूचं माप मला घेता येतं. लपवलेल्या वस्तूचं मोठ्यात मोठं माप धरावं लागतं. आता मला असं लिहावं लागेल, की पाणी गळतंय हे घरच्यांना ठाऊक होतं, त्यांनी दुरुस्ती केली नाही आणि पाहणीआधी खूण काढून टाकली. एवढं वाक्य गेलं की पुढचं कुणी वाचत नाही.”

“तुम्ही ती पाहिली होती तर पहिल्याच दिवशी का नाही विचारलंत?”

“विचारायची गरजच पडली नाही. बाईंनी आधीच सगळं कबूल केलं होतं.”

पर्सचा पट्टा मुलीने असा आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. पट्टी द्यावी तर आईला सगळं माहीत होतं याचा पुरावा, न द्यावी तर स्वतः खोटं बोलल्याचा. दोन्हीकडून घर जात होतं.

“तिच्या पर्समध्ये असेल,” आई म्हणाली.

“आई.”

“शाळेत असल्यापासूनची सवय आहे साहेब. डबा खाल्ला नाही की दप्तराच्या तळाशी लपवायची. चौथ्या दिवशी वासावरून कळायचं.”

मुलीने पर्स उघडली. कात्रीने चिरलेली पट्टी बाहेर आली. त्याने ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, उजेडात धरली.

“कुणी बांधली होती?”

“मी,” आई म्हणाली.

“मनगटाला बांधतात तशी बांधलीय.”

“नर्स होते.”

त्याने मान डोलावली. पेटीतून टीव्हीच्या रिमोटएवढं एक यंत्र काढलं. त्याच्या टोकाला दोन सुया होत्या. भिंतीत खुपसल्या की आत किती पाणी आहे ते आकड्यात दिसतं. बेसिनमागच्या भिंतीवर त्याने बोटाने जागा चाचपली आणि सुया टेकवल्या.

“जरासं टोचेल,” आई पुटपुटली.

त्याचा हात थांबला. “मला म्हणालात?”

“भिंतीला म्हणाली,” भाऊ दारातून म्हणाला. “ती सगळ्यांनाच म्हणते.”

पाहुण्याने सुया दाबल्या, आकडा पाहिला, जरा वर पुन्हा दाबल्या, पुन्हा पाहिला. मग भिंतीला हात टेकवून उठला आणि पहिल्यांदाच आईकडे नीट बघितलं.

“फोनवर तुम्ही म्हणालात, जरासं पाणी आलं. ते रेकॉर्ड मी ऐकलंय.”

“हो.”

“ड्यूटी संपवून निघताना पुढच्या सिस्टरला काय सांगायचात? पेशंटला जरासं बरं नाही?”

आईला ते लागलं. “असं कसं सांगेन? पेशंट जाईल माझा.”

“मग मला तसं सांगा, सिस्टर. मी आत्ता ड्यूटीवर आलोय, तुम्ही निघालाय. पेशंट हे घर.”

मुलीने आईचा दंड धरायला हात पुढे केला. आई त्या हातापासून बाजूला सरकली. मग तिच्यात एक बदल झाला, तो मुलांनी कधी पाहिला नव्हता, कारण वॉर्डात मुलांना कोण येऊ देतं. पाठ ताठ झाली, हनुवटी वर आली, आणि आवाजातलं सगळं मऊपण पुसलं गेलं.

“बेसिनचा सांधा नळ बदलल्यापासून गळतो. थेंब थेंब. मला माहीत होतं. पट्टी बांधली, खाली बादली ठेवली. बादली रोज सकाळी कुंड्यांना ओतायचे. पाणी जमिनीवर आलेलं नाही, मागची भिंत कधी ओली झालेली नाही. प्लंबरला बोलवायला हवं होतं, बोलावलं नाही. खालची खिडकीची भिंत बाहेरून ओल धरते, खूप वर्षांपासून. तिला लोणा लागलाय, जुन्या ओलीने येतो तो पांढरा क्षार. फोनवर मी म्हणाले ती ओल म्हणजे ती भिंत. तिचा पाइपाशी संबंध नाही.”

मुलीने डोळे मिटले.

“छत कोरडं होतं. आदल्याच दिवशी मी झाडूने जळमटं काढली होती. ओलं असतं तर झाडूला लागलं असतं. त्या दिवशी मी ओट्याशी भाजी चिरत होते. वर चादर फाडल्यासारखा आवाज झाला. मग भिंतीतून पाण्याचा. मान वर केली तर छताला फोड आला होता, भाजल्यावर येतो तसा, आणि तो वाढत होता. मी सुरी ठेवली. तेवढ्यात तो फुटला. बोर्डातून ठिणग्या उडाल्या. मी मेन स्विच बंद केला, मग वर येऊन पाणी बंद केलं. मग तुम्हाला फोन केला.”

“गिलावा पडला तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“सांगितलं ना. ओट्याशी.”

“म्हणजे त्याच्या खाली.”

“हो.”

“लागलं?”

“जरा—”

ती थांबली. पाहुण्याने वाट पाहिली.

“डावा खांदा,” आई म्हणाली. “हात एवढ्याच्या वर जात नाही.” तिने करून दाखवलं. हात छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. “त्या कुशीवर झोपता येत नाही. बोटांना मुंग्या येतात. गिलावा पडल्यापासून आहे, कमी झालेलं नाही.”

गेल्या किती दिवसांत आई वरच्या फळीवरचा डबा “तू उंच आहेस गं” म्हणून आपल्याकडून काढून घेत होती, ते मुलीला आत्ता आठवलं. “तुला हल्ली फार हुकूम सोडायची सवय लागलीय” असं आपण म्हणालो होतो, तेही आठवलं. भाऊ दारातून आत आला होता. आता चौघेही त्या एवढ्याशा जागेत उभे होते.

“खाली चला,” पाहुणा म्हणाला.

स्वयंपाकघरात त्याने छताच्या कडेला सुया लावल्या, मग खिडकीच्या भिंतीला. खिडकीशी यंत्र अजूनही चिवचिवलं, छताशी गप्प राहिलं.

“पहिल्या दिवशी सगळंच भिजलेलं होतं, जुनं-नवं कळायला मार्ग नव्हता,” तो म्हणाला. “आता फुटलेल्या पाइपाचं पाणी सुकलंय. जुनी ओल सुकत नसते. ती आहे तिथेच आहे, खिडकीशी. छताला लोणा नाही. पाइपाची चीर ताजी आहे, आतून चकचकीत. आणि बेसिन त्याच्या समोरच्या भिंतीला, ती भिंत कोरडी.”

“म्हणजे?” मुलीने विचारलं.

“छत, बोर्ड आणि भिजलेली कपाटं यांचं नुकसान पाइप अचानक फुटल्यामुळे झालं, असं लिहिणार. पाइप मात्र वयाने गेला, तो विम्यात बसत नाही. त्याने केलेलं नुकसान बसतं. खिडकीची भिंत नाही. बेसिनचा सांधा नाही. शेवटचा शब्द कंपनीचा. पण मी लिहिलेलं सहसा फिरत नाही.”

“आणि पट्टी?”

“काढून टाकली होती, असं लिहिणार.”

मुलीचा चेहरा उतरला.

“परत दिली, असंही लिहिणार. बादलीचंही लिहिणार. ती पट्टी नसती तर कुठला सांधा गळत होता आणि तो भिजलेल्या भिंतीपासून किती लांब, हे मी कशावरून सांगणार होतो?”

“आणि फोनवरचं?” आई म्हणाली.

“ते खोडता येत नाही. त्याखाली आजचं जोडतो.” त्याने तिचं बोलणं वाचून दाखवलं, तिने सही केली. पट्टी टेबलावर ठेवून, पेटी बंद करून तो दारापर्यंत गेला आणि वळला. “सिस्टर, खांद्याचं मी यात लिहू शकत नाही. हा विमा फक्त घराचा आहे.”

त्याचे बूट पायऱ्या उतरून गेले.

“झालं,” मुलगी म्हणाली आणि फ्रिजला पाठ लावून मटकन खाली बसली. “ऐकलंस ना? आता कळव तुझ्या गिऱ्हाईकाला, ऊठ आणि दुसरं घर बघ म्हणावं.”

“काय झालं, ताई? काय झालं म्हणतेस?” भाऊ म्हणाला. “ती त्याच्या खाली उभी होती. डोक्यात पडलं असतं तर? तू एका घरात राहतेस आणि तुला पत्ता नाही?”

“तू फोनवर रोज बोलतोस ना तिच्याशी? तुला काय म्हणाली?”

“ठीक आहे म्हणाली.”

“मग मलाही तेच म्हणाली.”

“क्लेम मिळेल, छत होईल. पण उद्या दुसरा पाइप गेला तर? त्याच वयाचे आहेत सगळे. मला नाही ठेवायचं तिला इथे.”

“शब्द दिला होतास, क्लेम मिळाला तर एक अक्षर बोलणार नाही.”

“तेव्हा हा खांदा माहीत नव्हता मला.”

“तिला विचार ना मग. ठेवायचं म्हणतोस, ती काय फ्रिज आहे?”

“विचारतो.” भाऊ आईपुढे जाऊन उभा राहिला. त्याने तिच्या डाव्या हाताला हात लावायचा म्हणून पुढे केला आणि मागे घेतला. “आई, तूच सांग. घर विकू. माझ्याकडे राहा. तुला काही कमी पडू देणार नाही. चालेल ना?”

मुलगीही उठून उभी राहिली. दोघंही आईच्या तोंडाकडे बघत होती, ठरलेला शब्द आता येईल म्हणून.

आईने टेबलावरची पट्टी उचलली, गंजाचा डाग पाहिला आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. खुंटीवरची इस्पितळातली जुनी पिशवी उजव्या हाताने काढून खांद्याला लावली. पायात चपला सरकवल्या. दाराशेजारच्या खिळ्याला घराची किल्ली असायची. कुणीही बाहेर जाताना ती मागे राहणाऱ्यासाठी तिथेच सोडून जायचं, अशी तिचीच शिस्त होती. तिने ती काढून घेतली.

“आई? चालेल ना?”

डावा हात उजव्या हाताने पोटाशी धरून ती पायऱ्या उतरली. फाटकाची कडी वाजली. खिडकीतून दोघांनी पाहिलं, ती इस्पितळाच्या रस्त्याला वळत होती, किल्ली मुठीत धरून.